पहिल्या बारा आठवड्यांत डॉक्टरांकडून काय अपेक्षित धरावे

तुमची पाळी चुकून आठवडा झाला, घरी केलेल्या लघवीच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या आणि तुम्ही लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटलात. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले, वजन आणि रक्तदाब घेतला, रक्ताच्या व लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या, फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केली आणि सोनोग्राफी न करताच ‘तीन आठवड्यांनी या’ असे सांगितले. इतक्या नाजूक काळात एवढेच कसे, गर्भ टिकण्यासाठी काही औषध किंवा इंजेक्शन का दिले नाही, आणि आपण दुसरीकडे दाखवावे का, असे तुम्ही विचारले आहे.

तुमच्या वर्णनावरून पाहता डॉक्टरांनी जे केले ते योग्यच आहे. इतकी वर्षे प्रसूतिशास्त्रात काढल्यावर माझे मत असे झाले आहे की पहिल्या तीन महिन्यांतल्या वैद्यकीय देखभालीत उपचारांचा भाग थोडा असतो आणि जाणून घेण्याचा भाग फार मोठा असतो. पुढच्या सहा महिन्यांत ज्या गोष्टी टाळता येतील त्यांची चाहूल याच काळात लागते, म्हणून ती पहिली भेट लवकर झाली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या शिफारशींत गरोदरपणात किमान आठ भेटी सुचवल्या आहेत आणि त्यांतली पहिली बारा आठवड्यांच्या आत व्हावी असे म्हटले आहे. तुम्ही पाचव्या आठवड्यातच गेलात, हे चांगलेच झाले.

आधी आठवड्यांचा हिशोब समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गरोदरपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते, म्हणजे तुम्हाला ‘पाच आठवडे झाले’ असे सांगितले तेव्हा गर्भाचे खरे वय तीन आठवडेच होते. याच पद्धतीने 280 दिवस मोजून प्रसूतीची अपेक्षित तारीख काढली जाते, आणि ती केवळ अंदाजाची तारीख असते. नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चार-पाचच असतात. हा सगळा हिशोब पाळी दर 28 दिवसांनी येते असे धरून केलेला आहे. ज्यांची पाळी 35 किंवा 40 दिवसांनी येते त्यांच्यात बीज उशिरा सुटते, गर्भ तेवढाच लहान असतो, आणि केवळ पाळीच्या तारखेवर विसंबले तर वाढ मागे पडल्याचा खोटा समज होतो.

सोनोग्राफीची घाई न करण्याचे कारण याच हिशोबात आहे. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयात फक्त एक लहानशी काळी पोकळी दिसते, जिला डॉक्टर सॅक म्हणतात. त्यानंतर काही दिवसांनी तिच्या आत अंगठीसारखे गोल वर्तुळ दिसू लागते, आणि सहा ते साडेसहा आठवड्यांच्या सुमारास त्या वर्तुळाच्या कडेला चार-पाच मिलिमीटरचा गर्भ व त्याच्या हृदयाची लुकलुक दिसते. तुमची सोनोग्राफी त्याच दिवशी केली असती तर बहुधा रिकामी सॅक दिसली असती, किंवा काहीच दिसले नसते, आणि पुढचे पंधरा दिवस तुम्ही विनाकारण जीव मुठीत धरून काढले असते. पोटात दुखत असेल, रक्त जात असेल, पूर्वी गर्भनलिकेत गर्भ राहिलेला असेल, किंवा वंध्यत्वाच्या उपचारांनंतर दिवस राहिले असतील, तर मात्र सोनोग्राफी लवकर करावी लागते. यातले काही असूनही ती केली गेली नसेल तर तसे स्पष्टपणे विचारा.

या बाबतीतला एक प्रसंग मला विसरता येत नाही. पाळीच्या तारखेप्रमाणे आठ आठवडे झालेली एक स्त्री माझ्याकडे आली होती. एका ठिकाणी सोनोग्राफीत 14 मिलिमीटरची सॅक दिसली, आत गर्भ दिसला नाही, आणि ‘वाढ थांबली आहे, पिशवी साफ करावी लागेल’ असे तिला सांगण्यात आले होते. तिच्या मोबाइलमध्ये मागच्या पाळ्यांच्या तारखा नोंदवलेल्या होत्या. त्या पाहिल्या तर दोन पाळ्यांमधले अंतर एकदा 38 तर एकदा 43 दिवसांचे होते. आम्ही अकरा दिवस थांबलो. पुन्हा पाहिले तेव्हा सहा मिलिमीटरचा गर्भ होता आणि हृदय चालू होते. वाढ थांबल्याचे निदान करण्याचे निकष मुद्दामच कडक ठेवलेले आहेत: सॅकचा सरासरी व्यास 25 मिलिमीटर किंवा अधिक असून आत गर्भ नसणे, किंवा गर्भाची लांबी सात मिलिमीटर किंवा अधिक असून हृदयाचे ठोके नसणे. माप त्याहून कमी असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहायचे, हा नियम आहे. प्रकृती स्थिर असताना पहिल्याच अनिश्चित सोनोग्राफीवर कोणी पिशवी साफ करण्याची घाई केली, तर दुसरे मत घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता त्या प्रश्नांविषयी. पहिल्या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग तोच असतो. पूर्वीचे गर्भपात, पूर्वीचे सिझेरियन, आधीच्या बाळंतपणात वाढलेला रक्तदाब, वेळेआधी झालेली प्रसूती, पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी, घरात कोणाला मधुमेह किंवा रक्ताचा आनुवंशिक आजार, यांतल्या प्रत्येक उत्तराला पुढे काही ना काही कृती जोडलेली असते. उदाहरण द्यायचे तर मागच्या खेपेला रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने गेलेली असतील, किंवा आधीपासून उच्च रक्तदाब, मधुमेह अथवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर बाराव्या आठवड्यापासून, आणि शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत, कमी मात्रेतील ॲस्पिरिन सुरू केल्याने तो धोका कमी होतो. विसाव्या आठवड्यात ही माहिती हाती आली तर तिचा उपयोग बराच घटलेला असतो. म्हणून एखादी गोष्ट क्षुल्लक वाटली तरी सांगा. मागचा गर्भपात घरच्यांना ठाऊक नसेल तर तो सांगण्यासाठी डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे असे म्हणा. मी स्वतः प्रत्येक स्त्रीशी पहिल्या भेटीत काही मिनिटे तरी एकटीशी बोलते, कारण मनाची उदासी, घरातली मारहाण किंवा हे मूल हवे आहे की नाही याबद्दलचा संभ्रम चार माणसांसमोर बाहेर पडत नाही.

औषधांची यादी तोंडी सांगू नका. घरात जी पाकिटे, बाटल्या, मलमाच्या ट्यूब असतील त्या सगळ्या पिशवीत घालून घेऊन जा. मुरमांसाठी घेतलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी, अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, सांधेदुखीवरचे मेथोट्रेक्सेट आणि रक्तदाबावरची काही औषधे गर्भाला अपाय करू शकतात. तरीही ती वाचून घाबरून स्वतःच बंद करणे तितकेच धोक्याचे आहे, कारण अपस्माराचे औषध एकाएकी थांबवल्यास येणारा मोठा झटका आई आणि गर्भ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. त्याच दिवशी फोन करून विचारावे आणि बदल डॉक्टरांनीच करावा. थायरॉइडची गोळी कधीही थांबवू नये. उलट गरोदरपणात तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांना आणि चूर्णांनाही हाच नियम लावा. ताप किंवा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल लागेल तेवढे आणि थोड्या दिवसांपुरते घेता येते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र टाळाव्यात.

फॉलिक ॲसिडची ती साधी गोळी कमी लेखू नका. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून बनतो ती नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर हे काम संपलेले असते. ती नळी नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा कवटीत व्यंग राहते. पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांमध्ये फॉलिक ॲसिडमुळे हे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे 72 टक्क्यांनी घटते, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या 1991 मधील अभ्यासाने दाखवून दिले. सर्वसाधारण मात्रा रोज 400 मायक्रोग्रॅम आहे, आणि खरे तर ती गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायची असते. आधीच्या बाळात असे व्यंग असेल, मधुमेह असेल किंवा अपस्मारावरची औषधे चालू असतील तर त्याच्या दहापटीच्या आसपासची मात्रा लागते, आणि ती डॉक्टर ठरवतात.

रक्ताच्या तपासण्या एकाच वेळी बऱ्याच होतात, त्यामुळे त्यांचे हेतू लक्षात येत नाहीत. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर गरोदरपणातला रक्तक्षय समजतात आणि तो भरून काढायला आता वेळ हाताशी असतो. रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात आणि त्याचा त्रास पुढच्या बाळाला होतो. हे टाळणारे अँटी-डी इंजेक्शन 1968 पासून वापरात आहे आणि त्याने अगणित बाळांचे प्राण वाचवले आहेत. एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी प्रत्येकीची केली जाते. त्यात कोणाच्याही चारित्र्यावर शंका नसते. उपचार न केल्यास एचआयव्हीचा संसर्ग आईकडून बाळाकडे जाण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते आणि वेळेवर औषधे घेतल्यास ती दोन टक्क्यांच्या खाली आणता येते. सिफिलिसवर पेनिसिलिन आहे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत तुम्ही वाहक निघालात तर लगोलग तुमच्या पतीची तपासणी व्हायला हवी, कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. साखर, थायरॉइड आणि लघवीचे कल्चर हेही या वेळी पाहतात. लघवीत जंतू असूनही काही त्रास होत नाही असे गरोदरपणात अनेकदा घडते आणि उपचार न केल्यास तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. सगळे अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक भेटीला ती फाइल न्या.

‘गर्भ टिकण्याचे औषध’ का दिले नाही, या तुमच्या प्रश्नाकडे आता येते. दिवस राहिल्याचे कळलेल्या दर शंभरांपैकी दहा ते वीस गर्भधारणा आपोआप संपतात आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. तिशीच्या आत हे प्रमाण साधारण दहांत एक असते, चाळिशीनंतर तीनांत एक होते. यांतल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक प्रसंगी गर्भाच्या गुणसूत्रांची मांडणीच सुरुवातीपासून चुकलेली असते. कोणतीही गोळी ती दुरुस्त करू शकत नाही. जिना चढल्याने, कामावर गेल्याने, प्रवास केल्याने, शरीरसंबंधाने किंवा एखाद्या दिवशी खूप रडल्याने गर्भपात होत नाही. हे मी जितक्या वेळा सांगते तितके थोडेच आहे, कारण ज्या स्त्रिया या दुःखातून जातात त्या वर्षानुवर्षे मनात त्या एका दिवसाची उजळणी करत राहतात आणि आसपासची माणसे त्यात भर घालतात.

गर्भ टिकण्यासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाविषयी नेमके सांगायचे तर 2019 मध्ये ब्रिटनमधील प्रिझम या अभ्यासात सुरुवातीच्या काळात रक्तस्राव झालेल्या 4153 स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन किंवा निष्क्रिय गोळी देऊन तुलना केली गेली. सर्वांचा एकत्र विचार करता ठोस फरक आढळला नाही. ज्यांचे आधी एक किंवा अधिक गर्भपात झाले होते आणि या खेपेला रक्त गेले होते, त्यांना मात्र फायदा दिसला. तुम्हाला रक्तस्राव नाही आणि हे तुमचे पहिलेच गरोदरपण आहे, म्हणून ते न देण्याचा निर्णय मला पटतो. सक्तीच्या विश्रांतीनेही गर्भपात टळतो असे दिसलेले नाही. दिवसच्या दिवस पडून राहिल्याने पायात गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो.

डाग दिसले म्हणजे सगळे संपले असेही नाही. साधारण चार गरोदर स्त्रियांपैकी एकीला पहिल्या तीन महिन्यांत थोडेफार रक्त जाते, आणि सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसल्यावर त्यांतल्या बहुतेक गर्भधारणा पुढे नीट चालतात. थोडेसे तपकिरी डाग असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून वेळ घ्यावी. पुढील गोष्टींत मात्र वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे: ओटीपोटात एका बाजूला टोचल्यासारखे, वाढत जाणारे दुखणे, खांद्याच्या टोकाला दुखणे, भोवळ येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, किंवा तापासह दुर्गंधीयुक्त स्राव. शंभरांत एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, होतात. नलिका फुटली तर पोटात रक्त साचते आणि बाहेर दिसणारे रक्त अगदी थोडे असू शकते. खांद्याच्या दुखण्याचे कारणही तेच आहे: साचलेले रक्त छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला टोचते आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. गर्भाशयात गर्भ आहे हे सोनोग्राफीने एकदा निश्चित होईपर्यंत हे लक्षात ठेवायचे असते. अशा संशयात डॉक्टर 48 तासांच्या अंतराने बीटा एचसीजी या संप्रेरकाची रक्ततपासणी दोनदा करतात, कारण एका आकड्यावरून फारसे कळत नाही, तो किती वाढला यावरून कळते.

गर्भ वाढत नसल्याचे निश्चित झालेच, तर निसर्गतः बाहेर पडण्याची वाट पाहणे, गोळ्यांनी पिशवी रिकामी करणे आणि छोट्या शस्त्रक्रियेने ती साफ करणे असे तीन मार्ग असतात. तब्येत स्थिर असेल तर यांतला कोणता निवडायचा याचा विचार करायला तुम्हाला वेळ मिळाला पाहिजे.

मळमळ सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक असते आणि बहुतेकींची सोळा ते वीस आठवड्यांत थांबते. ‘गरोदरपणात असे व्हायचेच’ म्हणून ती सोसत बसू नका. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन यांची एकत्रित गोळी अनेक वर्षे वापरात असून गर्भाला सुरक्षित आहे. घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा वजन मूळच्या पाच टक्क्यांहून अधिक उतरले असेल तर शिरेतून सलाइन द्यावे लागते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या तीव्र उलट्यांचा संबंध गर्भ व वारेकडून येणाऱ्या जीडीएफ15 या संप्रेरकाशी आणि त्याला आईच्या शरीराच्या असलेल्या संवेदनक्षमतेशी जोडला. हा मनाचा दुबळेपणा नाही, हे तुमच्या घरच्यांनाही सांगा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद, घरात दुसऱ्या कोणाचा धूरही नको. चहा-कॉफीतले कॅफिन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. चालणे आणि नेहमीचा व्यायाम चालू ठेवता येतो. दात दुखत असेल तर दंतवैद्याकडे जा, मात्र गरोदर आहात हे आधी सांगा. फ्लूची लस गरोदरपणात कधीही घेता येते. रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी जिवंत विषाणूच्या असल्याने आता देत नाहीत.

अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस या काळातली सोनोग्राफी चुकवू नका. तिच्यात बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजतात आणि रक्ताच्या डबल मार्कर तपासणीशी तिची सांगड घालून डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांची शक्यता काढतात. या अहवालात ‘1:250’ असे काही लिहून येते. त्याचा अर्थ अशा अडीचशे स्त्रियांपैकी एकीच्या बाळात दोष असेल आणि 249 बाळांत तो नसेल, इतकाच आहे. ही निदान करणारी तपासणी नव्हे. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून करता येणारी एनआयपीटी अधिक अचूक आहे, पण तीही चाळणीच आहे. खात्रीसाठी वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढूनच तपासावे लागते. ही तपासणी करायची की नाही हे ठरवण्याआधी, दोष निघालाच तर आपण काय करू, यावर दोघांनी बोलून घ्या. काहींना ते जाणून घ्यायचे नसते, आणि तोही निर्णय डॉक्टरांनी मान्य केला पाहिजे.

तीन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा जाल तेव्हा आठवा आठवडा पूर्ण झालेला असेल. गर्भ साधारण 16 मिलिमीटरचा, म्हणजे घेवड्याच्या दाण्याएवढा दिसेल, हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर असतील, आणि त्या लांबीवरून काढलेली प्रसूतीची तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर असेल. पाळीवरून काढलेली तारीख आणि ही तारीख यांत आठवड्याहून अधिक अंतर पडले तर फाइलवर सोनोग्राफीची तारीख लिहून घ्या, आणि पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या वेळी तीच दाखवा.